डिफरन्शियल व शॉक तेल (रेडिओ-नियंत्रित मोटारी)

रेडिओ-नियंत्रित मोटारींच्या, म्हणजे बोलण्यातल्या ‘आरसी’ गाड्यांच्या, डिफरन्शियलमध्ये (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेत) आणि शॉक-ॲब्सॉर्बरमध्ये (धक्के जिरवणाऱ्या नळीत) भरायचे सिलिकोन तेल. या दोन्ही ठिकाणी तेलाचे काम वंगणाचे कमी आणि अडवण्याचे जास्त असते. शॉकमध्ये ते पिस्टनच्या हालचालीला विरोध करून स्प्रिंगची उसळी जिरवते, तर डिफरन्शियलमध्ये दोन बाजूंच्या वेगांतील फरकाला आवर घालते. त्यामुळे तेल निवडणे म्हणजे मुख्यतः त्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, ठरवणे होय. ही निवड बाटलीवरचा आकडा, पिस्टन, जमीन आणि हवा या सर्वांकडे एकत्र पाहून करावी लागते. सोलापुरात त्यांपैकी हवेचा वाटा बराच मोठा आहे.

श्यानता सेंटिस्टोक या एककात मोजतात. साध्या तापमानाला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिस्टोक असते. शॉकसाठीची तेले साधारणपणे २०० ते ८०० सेंटिस्टोकची असतात. डिफरन्शियलची तेले हजारांत मोजली जातात आणि काही प्रकारच्या गाड्यांसाठी ५ लाख सेंटिस्टोकपर्यंतही जातात. दहा हजारांच्या आसपासचे तेल हाताला काकवीइतके दाट लागते. काही अमेरिकी उत्पादक मात्र सेंटिस्टोकऐवजी ‘वेट’ हे माप छापतात. एका कंपनीचे ३० वेट सुमारे ३५० सेंटिस्टोक भरते, पण दुसऱ्या कंपनीचे तेवढेच भरेल असे नाही. म्हणून कंपनी बदलताना वेटचा आकडा जुळवत बसू नये, सेंटिस्टोकचा आकडा शोधावा. काही बाटल्यांवर ‘सीपीएस’, म्हणजे सेंटिपॉइज, असे लिहिलेले असते. सिलिकोन तेलाची घनता पाण्याहून किंचितच कमी असल्यामुळे हा आकडा आणि सेंटिस्टोकचा आकडा व्यवहारात जवळपास सारखेच धरता येतात.

बाटलीवरचा आकडा बहुधा २५ अंश सेल्सिअस तापमानाचा असतो, ही गोष्ट सोलापूरकराने विशेष लक्षात ठेवायची आहे. खनिज तेलाच्या मानाने सिलिकोन तेल उष्णतेने कमी पातळ होते, पण पातळ होतेच. बाटलीवर ३५० लिहिलेले तेल ४२ अंशांना ढोबळमानाने २५० सेंटिस्टोकसारखे वागते, आणि १५ अंशांना ४४० च्या आसपास जाते. सोलापुरात मे महिन्यातल्या दुपारी पारा चाळिशीपलीकडे जाणे नेहमीचे आहे, तर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, पहाटे चांगलाच गारवा असतो. त्यामुळे गड्ड्याच्या दिवसांत सकाळी अचूक बसवलेली गाडी मे महिन्यात उड्या मारू लागली, तर दोष बहुतेक वेळा स्प्रिंगचा नसून तेलाचा असतो. उन्हाळ्यासाठी एक-दोन पायऱ्या दाट तेल भरणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. गाडी उन्हात ठेवली तर आतले तेल हवेपेक्षाही जास्त तापते, म्हणून फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती सावलीत ठेवावी.

शॉकमधला विरोध एकट्या तेलाने ठरत नाही. पिस्टनला बारीक छिद्रे असतात आणि तेल त्यांतून वाट काढते, त्यामुळे छिद्राचा व्यास हा तेलाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो. नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाच्या नियमानुसार विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. १.३ मिलिमीटरचे छिद्र १.२ मिलिमीटर केले तर विरोध सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ३५० चे तेल ४८० च्या जवळ नेल्यासारखे होते. पिस्टन पातळ असल्यामुळे हा हिशेब काटेकोरपणे लागू होत नाही, तरी एक दशांश मिलिमीटरची किंमत त्यावरून कळते. शॉक हाताने संथपणे दाबून पाहिला तर लहान छिद्रे व पातळ तेल आणि मोठी छिद्रे व दाट तेल या दोन जोड्या सारख्याच वाटू शकतात. धक्का जोराचा बसला की त्या वेगळ्या वागतात. लहान छिद्रांत तेलाचा प्रवाह लवकर खळाळू लागतो, विरोध एकदम चढतो आणि शॉक क्षणभर आखडल्यासारखा होतो. या आखडण्याला ‘पॅक’ म्हणतात. उंच उडीनंतर चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, जमिनीवर आपटू नये यासाठी पॅक उपयोगी पडतो, पण एकामागोमाग येणाऱ्या खड्ड्यांवर तो चाक मोकळे हलू देत नाही आणि गाडी जमिनीवरून नुसती उडत जाते. म्हणून खडबडीत जमिनीवर मोठी छिद्रे व दाट तेल, आणि सपाट पण मोठ्या उड्यांच्या ट्रॅकवर लहान छिद्रे व पातळ तेल, अशी जोडी सामान्यतः घेतली जाते. नवशिके तेल सारखे बदलत राहतात आणि पिस्टनला हातच लावत नाहीत, ही या छंदातली जुनी खोड आहे.

स्प्रिंग जितकी कडक तितके तेल दाट लागते. गाडी तयार वजनानिशी, म्हणजे बॅटरी व बॉडीसह, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडावी. ती एकदा दबून शांतपणे वर येऊन थांबली तर जोडी जमली. पुन्हा उसळली तर तेल पातळ आहे, आणि हळूहळू कशीबशी वर आली तर दाट आहे.

डिफरन्शियलमुळे वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त फिरू शकते. आत तेल नसेल किंवा फार पातळ असेल, तर वळणावर हलके झालेले आतले चाक नुसतेच गरगरते आणि जोर वाया जातो. दाट तेल हा फरक रोखते व काही जोर दुसऱ्या चाकाकडे पोहोचवते. पुढच्या डिफमध्ये, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, पातळ तेल असले की गाडी वळणात चटकन शिरते, दाट असले की शिरताना स्थिर राहते आणि बाहेर पडताना अधिक ओढते. मागच्या डिफमध्ये पातळ तेलाने मागची पकड टिकते, तर दाट तेलाने थ्रॉटल देताच, म्हणजे वेग वाढवताच, मागची बाजू सरकू लागते. चारही चाकांना जोर असलेल्या १/८ प्रमाणाच्या बग्गीत पुढच्या व मागच्या चाकांमधला फरक सांभाळणारा मधला डिफही असतो. त्यात तेल पातळ असेल तर जोरात थ्रॉटल दिल्यावर हलकी झालेली पुढची चाके वेगाने फिरून जोर गिळतात. अशा बग्गीसाठी ‘पाच-पाच-तीन’ म्हणजे पुढे ५,०००, मध्ये ५,००० व मागे ३,००० सेंटिस्टोक ही परिचित सुरुवात आहे.

सोलापूरच्या काळ्या मातीवर उन्हाळ्यात वरून धुरळा आणि खाली कडक, भेगाळलेला थर असतो. तिथे पकड कमी असल्याने मागच्या डिफमध्ये पातळ तेल बरे पडते. मुरमाड जागेवर पकड वाढते आणि तेल थोडे दाट करता येते. पावसाळ्यात हीच काळी माती चाकांना लगद्यासारखी चिकटते. तेव्हा तेलाचा विचार बाजूला ठेवून गाडी घरीच ठेवलेली बरी.

यंत्रमागांच्या या शहरात मशीन तेल सहज मिळते आणि ते शॉकमध्ये भरण्याचा मोहही होतो. तो टाळावा. खनिज तेल उन्हात फार लवकर पातळ होते, आणि त्याने काही प्रकारच्या ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, फुगतात, मग शॉकचा दांडा अडकू लागतो.

शॉक भरताना दांडा खाली ओढून तेल काठोकाठ ओतावे आणि पिस्टन सावकाश वर-खाली करून बुडबुडे निघेपर्यंत थांबावे. डिफ मात्र काठोकाठ भरू नये, तेल आतली आडवी पिन जेमतेम झाकेल इतपतच असावे. तापल्यावर सिलिकोन तेल फुगते आणि जागा न मिळाल्यास सीलमधून बाहेर येते. सराफी वजनकाट्यासारख्या लहान डिजिटल काट्यावर डिफ मोजला की दर वेळी तेलाचे प्रमाण सारखे राहते. धुळीच्या मोसमात शॉकचे तेल लवकर काळवंडते, आणि डिफचे तेल धातूच्या झिजेने करडे होते. रंग बदलला की ते बदलावे. शहाबादी फरशीवर सांडलेले सिलिकोन तेल नुसत्या पाण्याने जात नाही आणि पाय घसरतो. पारदर्शक बॉडीला जिथे रंग देतात तिथे त्याचा थेंबही पोहोचू देऊ नये, कारण त्या डागावर रंग धरत नाही.