बांधावरून काय दिसतं?

१९०३ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात कापसावर सोंडकिडा पसरला होता. मादी पात्यांमध्ये, म्हणजे फुलण्याआधीच्या कळ्यांमध्ये, नि बोंडांमध्ये अंडी घालायची, अळी आतल्या आत पोखरायची आणि पात्या गळून जायच्या. सत्तरीला टेकलेले सीमन नॅप त्या काळात शेतकऱ्यांना सुधारित शेती शिकवत होते. सरकारी खर्चाची प्रात्यक्षिक-शेतं त्यांनी आधी करून पाहिली होती. ती बघून शेतकरी म्हणायचे, सरकारचा पैसा ओतला तर कुणाच्याही शेतात पीक येईल.

म्हणून टेरेल गावी त्यांनी वेगळी रीत घातली. जमीन वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याची, मेहनत त्याचीच, सल्ला तेवढा नॅप यांचा. नुकसान झालं तर भरून द्यायला गावातल्या व्यापाऱ्यांनी पैशांची हमी घेतली होती. हंगाम संपल्यावर पोर्टरने हिशेब सांगितला : नेहमीपेक्षा ७०० डॉलर जास्त सुटले.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाची वाटते ती भरपाईची हमी. सल्ला चुकला तर सल्लागाराचा पगार थांबत नाही, शेतकऱ्याचं मात्र वर्ष जातं. हयातीत त्याच्या हाती पन्नासेक हंगाम लागतात, प्रत्येक प्रयोगाला त्यातला एक द्यावा लागतो. मग तो सावध राहिला तर त्याला अडाणी कसं म्हणायचं?

या सावधपणाचं मोजमाप ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी केलं. आयोवा राज्यातल्या २५९ शेतकऱ्यांना त्यांनी विचारलं, संकरित मका कधी पेरायला लागलात आणि कुणाचं ऐकून? १९४३ साली निष्कर्ष छापून आले. उत्पन्न सरळसरळ जास्त, तरी जवळजवळ सगळे त्या मक्याकडे वळायला दहा-बारा वर्षं गेली. बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती, पण पेरायचं ठरलं ते शेजाऱ्याचं पीक पाहून. आणि पहिल्या वर्षी बहुतेकांनी सगळ्या रानात पेरलं नाही. आधी थोड्या जागेत, मग वाढवत.

मका बांधावरून दिसतो. पण काही गोष्टी बांधावरून दिसत नाहीत, तिथे कृषी विस्तार करणाऱ्याची, म्हणजे शेतीचं नवं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवणाऱ्याची, खरी परीक्षा होते.

इंडोनेशियातलं भाताचं उदाहरण घ्या. तपकिरी तुडतुड्यांवर फवारणी जितकी वाढली, तितके तुडतुडे वाढत गेले. कारण अंडी खोडाभोवतीच्या पानाच्या आवरणात सुरक्षित राहायची, मरायचे ते त्यांना खाणारे कोळी. अंडी फुटली की पिल्लांना रान मोकळं. १९८६ मध्ये सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतीशाळा सुरू झाल्या. दर आठवड्याला वीस-पंचवीस शेतकरी चिखलात उतरायचे, चुडं, म्हणजे भाताच्या रोपांचे झुबके, निरखायचे, सापडलेले किडे मोजून मोठ्या कागदावर रोपासह त्यांचं चित्र काढायचे. रोपावर जाळीचा पिंजरा लावून आत तुडतुडे नि एक कोळी सोडायचा, दुसऱ्या पिंजऱ्यात नुसते तुडतुडे. काही दिवसांनी दोन्हीकडची मोजणी करायची. कोवळ्या भाताची पानं मुद्दाम कात्रीने कापायची आणि रोप नवे फुटवे काढून कसं सावरतं ते हंगामभर पाहायचं. पानं खाल्लेली दिसताच पंपाकडे धावणारा हात अशाने थांबतो.

पुढे अर्थतज्ज्ञांनी तिथली आकडेवारी तपासली, तेव्हा शेतीशाळेत न आलेल्या शेजाऱ्यांपर्यंत हे ज्ञान फारसं पोचल्याचं आढळलं नाही. काहींना ते अपयश वाटलं. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. शेजाऱ्याने कोणतं बी पेरलं हे दिसतं, त्याने फवारणी का टाळली हे कसं दिसणार? पिंजऱ्यातले तुडतुडे ज्याने स्वतः मोजले, त्याच्याजवळच ते समजणं राहतं. असं शिक्षण महाग पडतं, वेळखाऊही असतं. मोबाइलवरच्या संदेशाने हवामान कळवता येतं, बाजारभाव कळवता येतो. चुडात डोकावण्याची सवय त्याने लागत नाही.

शेतीशाळेतली एक पद्धत म्हणून मला फार आवडते. शेतकरी मुठीत किडा घेऊन येतो आणि विचारतो, "हा कोणता?" मार्गदर्शकाला नाव ठाऊक असतं. तरी तो विचारतो, "कुठे सापडला? तिथे अजून किती होते? काय करत होता?" आणि शेतकरी पुन्हा बघायला वाफ्यात उतरतो.