थ्री-नॉट-थ्री की टू-ए-वन? पोट बघून ओळखा

साताऱ्यात परेड बघायला गेलं आणि तुकडीच्या खांद्यावर बोल्टची, म्हणजे दर गोळीला हाताने दांडा मागे-पुढे करायची, जुनी रायफल दिसली, की शेजारचा माणूस कडेवरच्या पोराला सांगतो, "ती बघ, थ्री-नॉट-थ्री." कधी ते बरोबर असतं, कधी नसतं. माझे मामा पोलिसांत आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारे, होते. त्यांचं एकच सांगणं असे : "आरं, तोंड बघून फसशील. पोट बघ."

थ्री-नॉट-थ्री आणि तिच्यासारखीच दिसणारी ७.६२ मिलिमीटरची टू-ए-वन, तोंड दोघींचं खरंच सारखं. नळीवर टोकापर्यंत लाकूड आणि पुढे बोथट लोखंडी टोपण. पोट म्हणजे मॅगझिन, काडतुसं भरायचा खालचा डबा. थ्री-नॉट-थ्रीचं दहा गोळ्यांचं असतं आणि तिरकं उतरतं. ईशापूरच्या सरकारी बंदूक कारखान्यातल्या टू-ए-वनचं बारा गोळ्यांचं, चौकोनी डब्यासारखं. हा फरक दिसण्यापुरता नाही. थ्री-नॉट-थ्रीच्या, म्हणजे .३०३ च्या, काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते. अशी काडतुसं सरळ रचता येत नाहीत, म्हणून मॅगझिनच तिरकं. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे राहिली पाहिजे. ती मागे गेली की काडतूस अडकतं आणि बोल्ट ढकलून हात दुखला तरी पुढे सरकत नाही. टू-ए-वनच्या ७.६२ च्या काडतुसाला कडेऐवजी खाच असते, त्यामुळे ती कटकटच नाही.

जवळून बघायला मिळालं तर मागची साईट, म्हणजे नेम धरायची आकड्यांची पट्टीही बघा. थ्री-नॉट-थ्रीवर आकडे २००० यार्डांपर्यंत जातात, टू-ए-वनवर ८०० मीटरला थांबतात. २००० यार्डांवर एकट्या माणसाला टिपायचा विचार कुणी केलाच नव्हता. सगळ्या तुकडीने मिळून एका टापूवर मारा करायच्या काळातले ते आकडे आहेत.

वंश मात्र एकच. जेम्स पॅरिस ली यांचा बोल्ट आणि एनफिल्डच्या कारखान्याची नळी मिळून १८९५ मध्ये ली-एनफिल्ड झाली, तिलाच आपण थ्री-नॉट-थ्री म्हणतो. पायदळ आणि घोडदळ दोघांना चालेल अशी आखूड रायफल पुढे आली, १९०७ मध्ये तिचा मार्क-थ्री ठरला, आणि महायुद्धात कारखान्यांना उरक यावा म्हणून १९१६ मध्ये काही भाग गाळून 'मार्क-थ्री स्टार' आली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावच्या ज्या ४६ जवानांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले, त्यांच्या पिढीची रायफल म्हणजे हीच ली-एनफिल्ड. १९६२ मध्ये चीनसमोरही आपला जवान थ्री-नॉट-थ्री घेऊनच उभा होता. त्यानंतर स्वयंचलित भरणारी एसएलआर येऊ लागली, पण ती सगळ्यांना पुरेपर्यंत तीच ७.६२ गोळी मारणारी साधी बोल्ट रायफल हवी होती. म्हणून ईशापूरने आधी टू-ए आणि मग टू-ए-वन काढली.

इथे एक गैरसमज फार रुजलाय : टू-ए-वन म्हणजे जुन्या थ्री-नॉट-थ्रीची नळी बदलून केलेली रायफल. तसं नाही. ७.६२ चा दाब जास्त, म्हणून ती नव्याने, जास्त मजबूत पोलादात घडवली गेली. आकड्यांनीही माणूस चकतो. .३०३ इंच म्हणजे सुमारे ७.७० मिलिमीटर, मग ७.६२ शी फरक केवढासा, असं वाटतं. पण ही मापं नळीच्या पोकळीची. .३०३ चं काडतूस ५६ मिलिमीटर लांब घराचं, ७.६२ चं ५१. एकीची गोळी दुसरीला चालत नाही.

अचूक नेमबाजीची रायफल म्हणाल तर या दोघींपैकी एकही नाही. त्या घराण्यातली खरी स्नायपर म्हणजे दुर्बीण बसवलेली नंबर-फोर-टी आणि तिच्यापासून ब्रिटिशांनी ७.६२ मध्ये केलेली एल-४२-ए-वन. पण नेम कशाने बिघडतो, हे साध्या रायफलीवरच शिकावं.

मामांची नोकरी कोयनानगरला झाली आणि दहिवडीलाही. एकाच जिल्ह्यातली ही दोन गावं, पण एका ठिकाणी चार महिने भिंती पाझरतात आणि दुसऱ्या ठिकाणी हवा ओठ फोडते. लाकूड दोन्हीकडे वेगळं वागतं. पावसात ते फुगतं, नळीला कुठेतरी चिकटतं आणि गोळी नेमापासून सरकू लागते. टोपणाच्या आत स्प्रिंगवरची एक छोटी खुंटी नळीला खालून वर रेटत असते. तो रेटा बिघडला की माणूस कितीही चांगला असो, नेम लागत नाही. उपाय कच्च्या जवसाच्या तेलाचा, हाताच्या तळव्याने चोळून, थोडं थोडं. मामा व्हार्निशला शिवू देत नसत.

नळीचं दुखणं वेगळं. .३०३ च्या जुन्या काडतुसांच्या कॅपमधून, म्हणजे बुडाच्या पेट घेणाऱ्या टिकलीतून, क्षार मागे राहतो आणि तो हवेतलं पाणी ओढतो. नुसत्या तेलाने तो विरघळत नाही. आधी उकळतं पाणी ओतायचं, मग कोरडी चिंधी, मग तेल. कोयनेला हे रात्रीवर ढकललं तर सकाळी नळीत लाली दिसे. चिंधी ओढायची पुलथ्रूची दोरीही सरळच ओढायची. वर्षानुवर्षं तिरकी ओढली की ती तोंडाशी एका बाजूने लोखंड झिजवते. म्हणून जुनी रायफल हातात आली की मामा आधी नळीचं तोंड उजेडाकडे करत.

बोल्टवरचा नंबर आणि रायफलीचा नंबर जुळतो का, हे त्यानंतर. बोल्टचं डोकं त्या त्या रायफलीला कानशीने बसवलेलं असतं. साफ करताना चार रायफलींचे बोल्ट एका चादरीवर मिसळले तर मामांचा आवाज चढे. घरात ते कधी चढ्या आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही.

आणि बट, म्हणजे खांद्याला टेकायचं मागचं लाकूड, काढायचा असेल तर पुढचं लाकूड आधी उतरवायचं. थ्री-नॉट-थ्रीच्या बटातल्या लांब स्क्रूचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत बसलेलं असतं. तसंच फिरवलं की लाकूड मागून चिरतं. बाहेरून काही कळत नाही, फक्त रायफल त्या दिवसापासून नेम धरत नाही. समोर टू-ए-वन असली तरी मामा हा क्रम मोडत नसत.