शुगर उतरली की चढली?

टाइप 1 मधुमेहाचं निदान नुकतंच झालेलं मूल एकाएकी चिडचिड करू लागतं, मलूल पडतं, डोकं दुखतंय म्हणतं. शुगर कमी झाली की वाढली? हे सगळं दोन्हींत होऊ शकतं, म्हणून चेहऱ्यावरून अंदाज बांधत बसू नये. आधी बोट टोचून मोजावं. मीटर हाताशी नसेल, तर कमी झाली असं धरून साखर द्यावी. चढलेली शुगर तेवढ्याने थोडी आणखी चढेल, पण उतरलेली थांबत नाही.

उतरलेली शुगर मिनिटांत रंग दाखवते. हात थरथरतात, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो, भूक खवळते, कधी मूल असंबद्ध बोलतं. आकडा 70 mg/dL च्या खाली गेला की ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी. मोठ्या मुलाला साधारण 15 ग्रॅम साखर, लहानग्याला डॉक्टरांनी सांगितलेली त्याहून कमी. 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. चॉकलेट मुलांना आवडतं खरं, पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मूल बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. ग्लुकागॉन (शुगर चटकन वाढवणारं औषध) असेल तर ते द्या आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. आणखी एक: दिवसभर हुंदडलेल्या मुलाची शुगर रात्री झोपेतही उतरू शकते.

चढलेली शुगर तासांच्या हिशोबाने चालते. तहान भागत नाही, लघवीला सारखं जावं लागतं, अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागतं. (त्यावरून रागावू नका, ते मुलाच्या हातात नसतं.) आकडा 250 mg/dL च्या वरच राहिला किंवा मूल आजारी असलं तर कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीर चरबी जाळतं तेव्हा साठणारी आम्लं) तपासायचे. उलट्या, पोटदुखी, खोल आणि भरभर श्वास, श्वासाला फळासारखा वास यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. 'आज जेवलाच नाही, मग इन्सुलिन कशाला?' हा विचार इथे सगळ्यात घातक. आजारपणात डोस कमी-जास्त होईल, तोही डॉक्टरांना विचारून, पण इन्सुलिन पूर्ण बंद कधीच नाही.

हे शाळेतही सांगून ठेवा, विशेषतः एक गोष्ट: शुगर उतरलेल्या मुलाला वर्गाबाहेर एकटं पाठवायचं नाही.