आधी दिवा, मग माणूस

मे महिन्यात खान्देशातल्या अमळनेरला आमच्या गच्चीवर दोन उद्योग एकाच वेळी चालू होते. उन्हात काकू बिबडे, म्हणजे ज्वारीचे पातळ पापड, घालत होती आणि जिन्याच्या सावलीत पुतण्या लॅपटॉपवर एका लघुग्रहावर वस्ती वसवत होता. दिवस मावळेपर्यंत बिबडे वाळले. वस्ती मात्र उपाशी मेली. कोठार भरलेलं होतं, पण आतलं सगळं नासलेलं.

खेळाचं नाव 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड'. कॅनडातल्या क्लेई एंटरटेनमेंटचा हा खेळ २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आला. लघुग्रहाच्या पोटात अडकलेली बुटकी माणसं, त्यांना खेळात डुप्लिकंट म्हणतात. दर माणशी दर दिवसाला १००० किलोकॅलरी पुरवायच्या. आपल्या निम्म्यात भागतं बिचाऱ्यांचं. पण पिकवण्यापेक्षा टिकवणं अवघड. अन्न ४ अंशांखाली गेलं की सावकाश नासतं, उणे १८ च्या खाली आणखी सावकाश. शिवाय आजूबाजूची हवा कोणती हेही खेळ बघतो. प्राणवायूत अन्न लवकर खराब होतं, कार्बन डायऑक्साइडमध्ये उशिरा. गोठवलेलं अन्न कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवलं, तर नासणं थांबतंच.

म्हणून सराईत खेळाडू वस्तीच्या तळाशी एक खड्डा खणतात. माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड खाली उतरून त्यात साचतो. त्यात अन्न ठेवायचं. माणूस श्वास रोखून आत जातो, ताट उचलतो, बाहेर पळतो.

पुतण्याला ही युक्ती कळली तेव्हा तो नाचला. आजी शेजारीच तीळ निवडत बसली होती. तिनं स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे तं पेव शे."

खरंच पेवच ते. पूर्वी धान्य साठवायला पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या, उंच, निचऱ्याच्या जागी तोंडाला अरुंद, पोटाला रुंद असा खड्डा खणायचे. आतून कडबा-भुसा लावायचा, दादर ज्वारी ओतायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. ज्वारी मेलेली नसते. दाणा अगदी मंद का होईना, श्वास घेत असतो. सोबत आलेले सोंडे किडेही घेतात. आतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर आला की किडे गुदमरून मरतात. म्हणजे कीड स्वतःच्याच श्वासानं स्वतःचा काटा काढते. औषध नाही, वीज नाही.

पण जी हवा किड्याला मारते, ती माणसालाही सोडत नाही. पेव उघडल्यावर घाईनं आत उतरलेली माणसं तिथंच कोसळायची, आणि त्यांना काढायला उतरलेलीही. आजीच्या माहेरी नियम होता, आधी दिवा, मग माणूस. दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर तोंड उघडं टाकून थांबायचं. यामागचा हिशेब साधा आहे. हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो. तो १६ च्या आसपास आला की ज्योत विझते. माणूस त्याहून थोडा जास्त तग धरतो, म्हणून दिवा आधी सांगतो. (गोबरगॅसच्या टाकीत मात्र चुकूनही दिवा सोडू नका. तिथं मिथेन असतो आणि तो पेटतो.)

एका गोष्टीत खेळ लबाडी करतो. त्यात एका चौकोनात एकच वायू राहू शकतो, त्यामुळे जड वायू तेल-पाण्यासारखा वेगळा होऊन खाली बसतो. खऱ्या हवेत तसं होत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड आहे हे खरं, पण एकदा हवेत मिसळला की आपणहून निवळून तळाशी जात नाही. पेवात तो राहतो, कारण तिथंच तयार होतो आणि त्याला हलवायला वारा नसतो.

थंडीबद्दलही खेळाचं गणित सरळसोट आहे, जितकं गार तितकं बरं. हे रावेर-सावद्याच्या केळीवाल्याला सांगून बघा! केळीचा कंटेनर १३-१४ अंशांवर जातो, त्याखाली नाही. केळ उष्ण प्रदेशातलं. फार गारठलं की पेशींची आवरणं झिरपू लागतात, आतली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि साल काळवंडते. हिरवं केळ असं बाधलं, तर पुढे धड पिकतही नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण फ्रिजमध्ये तिचाही असाच चेहरा काळा पडतो.

आता काकूचे बिबडे. खेळाच्या नियमानं बघितलं तर ४३ अंशांत ज्वारीचा शिजवलेला ओला घाटा उघड्यावर पसरणं हा वेडेपणा. उष्णतेत जंतू झपाट्यानं वाढतात, तेही खरं. तरी बिबडे नासत नाहीत, कारण इथं शर्यत पाण्याची असते. खेळातल्या नासण्याच्या या नियमांत तापमान आहे, हवा आहे, पण अन्नातल्या पाण्याचा हिशेब नाही, आणि आमच्या खान्देशी स्वयंपाकघराचं सगळं शहाणपण नेमकं पाण्यात आहे.

शुद्ध पाण्याला १ धरलं, तर अन्नातलं जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणी ०.९१ च्या खाली गेल्यावर बहुतेक जीवाणू हात टेकतात. बुरशी आणखी चिवट. ०.६ च्या खाली मात्र कुणाचंच काही चालत नाही. काकू ज्वारी भिजवून आंबू देते, तिथंच आंबटपणानं पहिली कुंपणं पडतात. मग भरडा शिजतो, त्यात मीठ, तीळ, लसूण. मीठ पाणी धरून ठेवतं. मग ओल्या धोतरावर हा घाटा हातानं इतका पातळ फिरवायचा, की खालचं सूत दिसावं. जाड राहिला तर वरून कडक, आतून ओला, आणि आठवड्यात हिरवा. पातळ थर आणि खान्देशातली कोरडी झळ एकत्र आली की जंतूंचा जम बसायच्या आत पाणी उडून गेलेलं असतं. तिसऱ्या प्रहरी धोतर उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे बिबडा अख्खा सुटतो. त्या ओलीसाठी पुन्हा एक ऊन.

पुतण्यानं त्या रात्री नवी वस्ती सुरू केली आणि सगळ्यात आधी खड्डा खणला. सकाळी त्यानं मला विचारलं, यात पापड वाळवता येतात का. नाही म्हटल्यावर तोंड वाकडं करून तो काकूच्या डब्याकडे गेला. जुलैत हवा दमट झाली की हेच बिबडे ओल ओढून घेतात, म्हणून काकूनं झाकणाला फडकं गुंडाळून डबा गच्च बसवला होता. त्याच्यानं तो उघडेना.