कोल्हा, ठाणे खाडीतील

श्वान कुलातील सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव कॅनिस ऑरियस (लिनीअस, १७५८). ठाणे खाडीच्या काठची तिवरांची राने, खाजणांचे बांध व खारघरचे डोंगरउतार येथे आढळतो.

इंग्रजी ‘फॉक्स’साठी मराठीत सर्रास ‘कोल्हा’ लिहिले गेल्याने घोटाळा झाला आहे. द्राक्षे आंबट ठरवणारा ईसापचा प्राणी खरे तर खोकडाच्या (म्हणजे खऱ्या ‘फॉक्स’च्या) जातकुळीतला; काकडीला राजी होणारा मात्र अस्सल कोल्हा. खोकड जेमतेम २ ते ४ किग्रॅ.चे, धडाच्या निम्म्याहून लांब शेपटीचे व उघड्या माळावर राहणारे. कोल्हा ८ ते १० किग्रॅ.चा, शेपटी तुलनेने आखूड. खाडीत ‘फॉक्स’ दिसल्याच्या बातम्या त्यामुळे कोल्ह्याच्याच समजाव्यात.

‘कोल्हा’ शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. संस्कृत क्रोष्टृ (ओरडणारा) हे मूळ अर्थदृष्ट्या चपखल बसते. कोल्हेकुई ऐकलेल्याला ते पटवून द्यावे लागत नाही. परंतु ‘ष्ट’चा प्राकृतात ‘ट्ठ’ व्हावा, आणि पालीत ‘कोट्ठु’ असे रूप मिळतेही. मराठीतील ‘ल्ह’ त्यातून सरळ निघत नाही. प्राकृतातील ‘कोल्हुअ’ हे रूप पाहता शब्द देशी (संस्कृतातून न आलेला) मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ओहोटीला चिंबोऱ्या, मेलेले मासे, उंदीर व पक्षी, आणि वस्तीलगत उकिरडा, असा आहार. उधाणाच्या भरतीत कोल्हे बांधांवर व भरावाच्या कोरड्या जमिनीवर सरकतात. चिखलातील ठसा कुत्र्यासारखाच. पण पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागे एकमेकींना जुळलेल्या असतात, हीच खूण पाहावी.

नवी मुंबई वसताना बरीच खाजणे भरावाखाली गेली. पाम बीच मार्ग, शीव-पनवेल महामार्ग व लोहमार्ग यांनी खाडी आणि डोंगर यांच्यातील वाट तोडली. भटक्या कुत्र्यांकडून रेबीज व डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणुजन्य रोग) यांचा संसर्ग संभवतो. सुमारे १,६९० हेक्टरांचे ठाणे खाडी अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. ते फ्लेमिंगोंच्या नावाने आहे. कोल्ह्याला मिळालेले संरक्षण आनुषंगिक म्हणावे लागेल. धोक्यातील जीवजातींच्या जागतिक लाल यादीत ही जाती ‘न्यूनतम चिंता’ वर्गात मोडते, कारण तिचा पसारा आग्नेय युरोपापर्यंत आहे. खाडीकाठच्या अरुंद पट्ट्याची स्थिती त्या वर्गावरून कळत नाही.