मागच्या आवाजाचं काय करायचं?

रामबागेतल्या आमच्या अंगणात सध्या एमडीएफचा भुगा उडतोय. भाच्यानं जेल रोडच्या बाजारातून बारा इंची वूफर, म्हणजे खालचे, जड स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, आणला, ॲम्प्लिफायरचं तयार बोर्ड आणलं, ट्रान्सफॉर्मर आणला, दोन फळ्या कापूनही टाकल्या आणि मग विचारलं, "मामा, डबा केवढा करायचा?" इंदुरात घरी वूफर बांधणारे बहुतेक ह्याच क्रमानं जातात. आधी स्पीकर, मग वॉट, आणि डबा उरलेल्या प्लायमधून. आम्हीही तेच केलं होतं. खरं तर गेल्या शंभर वर्षांत स्पीकर मुळातून बदललेलाच नाही. डोकी खपली ती डब्यावर.

चुंबकात हलणारी कॉइल आणि तिला चिकटवलेला कागदी कोन, ही आजची रचना १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडली. तिची अडचणही तेव्हापासूनचीच. कोन पुढची हवा ढकलतो त्याच क्षणी मागची हवा ओढतो. बारीक स्वरांना त्याचं फारसं काही वाटत नाही. पण ४० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांची, लाट साडेआठ मीटर लांब असते. मागची लाट स्पीकरच्या कडेवरून सहज पुढे येते आणि पुढचीला खाऊन टाकते. वूफर नुसता टेबलावर ठेवून वाजवून बघा. कोन जीव तोडून हलतो आणि बास, म्हणजे खालचा घुमारा, म्हणून काही येत नाही.

आमच्या घरात बासचं वेड गाण्यातून आलं. अमीर खाँसाहेबांचं हे गाव, तेव्हा मंद्रातल्या, खालच्या सप्तकातल्या गाण्याचा अभिमान इथे घरोघरी. आजोबा मालवा हाउसवरून, म्हणजे इंदूर आकाशवाणीवरून, लागणारं गाणं छोट्याशा रेडिओवर ऐकत आणि तंबोऱ्याचा खर्ज लागलाय म्हणत. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. चार इंची स्पीकरातून तो धड बाहेर पडत नाही. पडतात ते त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे स्वर, १३९, २०८, २७७ असे. आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. म्हणजे आजोबा खोटं बोलत नव्हते. पण डग्ग्याचा छातीवर बसणारा धक्का मेंदूला असा भरून घेता येत नाही. त्याला हवाच हलावी लागते, तीही भरपूर: तेवढाच मोठा आवाज ४० ऐवजी २० हर्ट्झला हवा असेल तर कोनाला चौपट पुढेमागे जावं लागतं.

मागच्या लाटेवर पहिला हुशार तोडगा बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांचा, पेटंट १९३२ चं. मागची हवा कोंडायची नाही, तिला मापाच्या नळीतून अशी बाहेर सोडायची की ती पुढच्या लाटेच्या जोडीनं निघेल. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो हुंकार येतो, तेच तत्त्व. दुसरा तोडगा एडगर विल्चर यांचा. १९५४ च्या त्यांच्या एआर-१ या स्पीकरमध्ये डबा पूर्ण बंद होता, आणि कोनाला जागेवर परत आणणारी स्प्रिंग म्हणून आतली हवाच वापरलेली होती. डबा लहान झाला. बदल्यात ॲम्प्लिफायरला जास्त जोर लावावा लागला. चार वर्षांत स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या, खोलीत एकाऐवजी दोन डबे ठेवायची वेळ आली आणि लहान डब्याचं नशीब उघडलं.

आमच्या गल्लीतला विल्चर म्हणजे मडकं. नव्वदच्या दशकात माठाच्या तोंडावर सहा इंची स्पीकर बसवून कडेनं एम-सील लावलेलं मी कितीतरी घरांत पाहिलंय. लोक आता हसतात. मी हसत नाही. भाजलेली माती थरथरत नाही, आत समोरासमोर सपाट भिंती नाहीत, आणि तोंड बंद झाल्यावर तो चोख बंद डबाच. घुमायचं थोडं जास्त, हे मान्य. त्याला जोडीला ४४४० आयसी, म्हणजे ॲम्प्लिफायरची चिप, सान्योची, मुळात गाडीतल्या टेपसाठी काढलेली. बारा व्होल्टवर, तिचे दोन्ही भाग एकाच स्पीकरला जोडून जेमतेम १९ वॉट, पण पुरायचे.

थुरास यांच्या नळीचं नेमकं माप मात्र बराच काळ अंदाजानंच काढलं जाई. तो अंदाज नेव्हिल थील यांनी संपवला. त्यांचा निबंध १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात छापला गेला आणि बाहेरच्या जगानं तो खऱ्या अर्थानं वाचला तो १९७१ साली, अमेरिकेत पुन्हा छापल्यावर. लगेच पुढच्या दोन वर्षांत सिडनीच्याच रिचर्ड स्मॉल यांनी तो धागा पुढे नेला. मोकळ्या हवेत कोन कुठल्या कंपनाला आपोआप डोलतो, त्याचा लवचीकपणा किती लिटर हवेइतका आहे, डोलणं किती लवकर आवरतं. हे तीन आकडे हातात असले की डबा कागदावर काढता येतो. म्हणजे ४० लिटरचा डबा, साडेसात सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप आणि सूर ३५ हर्ट्झला लावायचा, तर पाइप साधारण २१ सेंटिमीटर लांब. जेल रोडच्या बिननावाच्या वूफरवर मात्र वॉट तेवढे ठसठशीत छापलेले असतात, हे तीन आकडे नसतात.

'सब', म्हणजे फक्त बाससाठीचा वेगळा डबा (सबवूफर), घरात शिरला तो सिनेमामागून. १९७४ च्या 'अर्थक्वेक'साठी अमेरिकेतल्या थिएटरांत जमीन हादरवणारे प्रचंड वूफर लावले गेले; १९९२ पासून डॉल्बीच्या ५.१ या सिनेमाच्या ध्वनिपद्धतीतला तो 'पॉइंट वन' म्हणजे १२० हर्ट्झखालच्या धडामधडामसाठी राखलेला वेगळा ट्रॅक.

माझा पहिला डबा आठ इंची वूफरचा, बंद. वाजायचा, पण प्रत्येक ठोक्याला मागून फुस्स. स्पीकर फाटलाय समजून मी तो दोनदा उघडला. शेवटी शेजारच्या सुतारकाकांनी पेटती उदबत्ती सांध्याशी धरायला लावली. धूर सरळ वर जात होता. मागच्या खालच्या कोपऱ्यावर आला आणि ठोक्याबरोबर आत-बाहेर हिसके खाऊ लागला. फेविकॉलमध्ये भुसा कालवून ती फट बुजवली आणि त्या रात्री पहिल्यांदा खिडकीची तावदानं वाजली.

भाच्याच्या डब्याला पाइप आहे, तिथे धूर हलणारच. बाकीचे सांधे आज रात्री बघायचेत. देवघरातली उदबत्ती घ्यायची नाही, हे आईनं आधीच बजावलंय.