कंबरदुखीवरील उपचार

कंबरदुखी म्हणजे शेवटच्या बरगडीपासून कुल्ल्यांपर्यंतच्या भागातील वेदना. भरलेली घागर उचलताना ‘उसण भरली’ म्हणतात, ती हीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना हे दुखणे होते. त्यांपैकी बहुतेकांत मणका, गादी (दोन मणक्यांमधली मऊ चकती) किंवा नस यांतले नेमके एक कारण सापडत नाही, आणि नवे दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरते.

पूर्वी आठवडाभर अंथरुणावर पडून राहायला सांगत. १९८६ मध्ये अमेरिकेत दोन आणि सात दिवसांच्या विश्रांतीची तुलना झाली, तेव्हा दोन दिवस विश्रांती घेतलेले कामावर लवकर परतले आणि दुखण्यात दोघांत फरक दिसला नाही. म्हणून शेक घ्यावा, सोसवेल तितके चालावे, घरातली हलकी कामे चालू ठेवावीत. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या थोडे दिवस उपयोगी पडतात. पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. पॅरासिटामॉल मात्र नव्या कंबरदुखीत लवकर बरे करत नाही, असे २०१४ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत दिसले.

तीन महिन्यांपलीकडे रेंगाळणाऱ्या दुखण्यात व्यायाम हाच मुख्य उपचार. चालणे, योगासने, पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम यांपैकी जो रोज होईल तो निवडावा. आयुर्वेदातील कटिबस्तीत उडदाच्या पिठाचे पाळे कमरेवर बसवून त्यात कोमट तेल धरतात. तिने शेक मिळतो, पण ती व्यायामाची जागा घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत दुखण्याविषयीचे शिक्षण, मसाज आणि मानसोपचार यांनाही स्थान आहे. कमरेचा पट्टा, वजन लावणे (ट्रॅक्शन) आणि अफूजन्य वेदनाशामके मात्र तिने नाकारली आहेत. आपल्याकडे पट्टा अजून सर्रास दिला जातो, हे खेदाचे आहे.

‘मणक्यात गॅप आहे’ या शब्दांनी माणूस वर्षानुवर्षे वाकायला भितो. पण गादीतला दोष न दुखणाऱ्यांतही आढळतो: १९९४ च्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तेव्हा सर्व गाद्या निर्दोष असलेले केवळ ३६% निघाले.

सरकलेल्या गादीने नस दबून कळ पायात उतरते ती सायटिका. तीही बहुधा शस्त्रक्रियेविना शमते. पायातली कळ आठवडे उलटूनही हटत नसेल किंवा पायाची ताकद कमी होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. ताप, घटते वजन आणि रात्री वाढणारे दुखणे असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी हवी, कारण तिथे क्षयाची औषधेच लागतात. लघवी अडणे किंवा जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, ही चिन्हे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.